मागे बांधलेले हात

"पडुकोंडी, रेणुकम्मा," स्रवंती मॅडम म्हणाल्या. झोपा. रेणुकेला क्षणभर वाटले, आपल्या पाठीशी दुसरी कोणी रेणुका उभी असावी आणि हा हुकूम तिच्यासाठी असावा. तिने मान वळवून पाहिलेसुद्धा. मागे फक्त भिंत होती आणि भिंतीवर ओटीपोटाच्या हाडांचे रंगीत चित्र. उमेदीची सगळी वर्षे जिने बायकांना दटावून, ओढून, प्रसंगी उचलून त्या टेबलावर चढवले, तिला त्याच टेबलावर चढ म्हणून कोणी सांगेल, आणि तेही आपल्या मुलीच्या वयाची बाई सांगेल, ही गोष्ट तिच्या ध्यानातच येईना. वर्गातल्या बाकीच्या विद्यार्थिनी, म्हणजे तिच्यासारख्याच नोकरीतून रजा घेऊन पदवीसाठी आलेल्या सिस्टरा, एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. कोणी चाळिशी ओलांडलेली, कोणी गुडघे धरून जिने चढणारी. पण गळ्यात ओळखपत्राची निळी फीत अडकवली की माणूस पुन्हा बाकावरचे होते आणि बाकावरचे सगळे क्षुद्र आनंद त्याला पुन्हा लागतात. आदिलाबादच्या त्या कॉलेजात रबरी बाहुल्यांवर सुया टोचण्याचा आणि रबरी गर्भाशयातून रबरी मूल काढण्याचा तास असे. आजचा धडा मात्र वेगळा होता. प्रसूतिगृहात बाईला सन्मानाने कसे वागवावे, हा विषय नव्याने अभ्यासक्रमात आला होता आणि त्यासाठी रबरी बाई चालत नव्हती. बोलणारी, ऐकणारी, लाजणारी बाई हवी होती. "सगळ्यांत सीनियर तुम्ही," मॅडम हसून म्हणाल्या, "तुमच्याइतकं या टेबलाला कोण ओळखतं?" हे कौतुक आहे की टोमणा, हे रेणुकेला कळले नाही, आणि कळले नाही म्हणूनच ती गेली.

टेबल थंड होते. ते थंड असते हे ती विसरून गेली होती. रेक्झिन किती वेळा पुसून घेतले, त्यावरचे रक्त वाळण्याआधी काढायला आयांना किती वेळा ओरडली, पण एका स्वतःच्या बाळंतपणाखेरीज, तळहातापलीकडे त्या रेक्झिनशी तिचा संबंध कधी आला नव्हता. पाय वर अडकवल्यावर दिसते ते फक्त छत. छताला ओल धरली होती आणि पंख्याच्या दांडीला कोळ्याचे जुने जाळे लोंबत होते. बायका हेच पाहत असतील, असे तिच्या मनात आले, आणि लगेच तिने तो विचार झटकला. बायकांना त्या वेळी काही दिसत नसते, त्यांना दिसून करायचे काय? पायांच्या बाजूने आवाज आला. "सिस्टर, सुरू करू का?" तो रुपाचा आवाज. रुपा नार्नूरकडची, अंगाने किरकोळ, डोळ्यांत कायम पाणी असल्यासारखी. डिप्लोमा होऊन ती पहिल्यांदा कामावर रुजू झाली तेव्हा रेणुकेच्याच हाताखाली आली होती, आणि आता शेजारच्या बाकावर बसून तीच पदवी करत होती. मॅडमनी सांगितले होते, आधी रोज जसे करता तसे करून दाखवा, लपवू नका. मग पुस्तकात आहे तसे करा. रुपाने कमरेवर हात ठेवला, हनुवटी उचलली, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो रुपाचा नव्हता. "काय वो बाई! तवा गोड लागलं न? आता काऊन बोंबलून राह्यली? लाव जोर! लाव म्हन्ते न!" आणि मांडीच्या बाजूला, गादीवर, सपाट तळव्याचा असा एक फटका बसला की पलीकडच्या खोलीतला शिपाई डोकावला.

वर्ग हसत सुटला. कोणी टाळ्या पिटल्या. "अस्सल रेणुका सिस्टर!" असे मागून कोणी तरी ओरडले. हसू तर रेणुकेलाही आले असते. नक्कल उत्तम होती, हनुवटीसुद्धा तीच. पण फटका बसला तेव्हा तिची मांडी आपोआप आत खेचली गेली होती, आणि हात, तिचा स्वतःचा हात, मांडी झाकायला खाली धावला होता. गादीवर बसलेल्या फटक्याला! सर्वांनी ते पाहिले होते. हसले ते त्याला. ती त्या छताकडे पाहत पडून राहिली आणि तिला राग आला, रुपाचा नव्हे, मॅडमचा नव्हे, त्या मांडीचा. आपल्या अंगाने आपल्याला न विचारता असे भ्यावे, हे तिच्या लेखी कामचुकारपणाइतकेच हलके होते.

आणि भ्यायचे काय होते त्यात? कोळशाच्या पट्ट्यात ती शिकायला होती तेव्हा थंकम्मा सिस्टर नावाची एक केरळची बाई तिला धडे देई. काळी, उंच, डोक्यावर टोपी कशी खिळा ठोकल्यासारखी. ती म्हणे, बाई टेबलावर आली की ती कोणाची लेक नाही, कोणाची बायको नाही, ती एक घट्ट बंद दार आहे आणि आत कोणी तरी गुदमरत आहे. दार वाजवायचे ते बोटाने नव्हे. पुढे रेणुका स्वतः त्या टेबलावर गेली ती आपल्या मुलीच्या, चंचलच्या, वेळी, आणि योगायोगाने थंकम्मा सिस्टरच कामावर होती. तिने आपल्या आवडत्या शिष्येलाही सोडले नाही. ती थप्पड रेणुकेला आजही आठवत होती, आणि आठवताना दर वेळी तिच्या मनात एक प्रकारचा अभिमान दाटून येई. कारण ती रडली नव्हती, तिने दात खाऊन जोर लावला होता, आणि मूल झाल्यावर थंकम्मा सिस्टर म्हणाली होती, गुड गर्ल. आयुष्यात तिला कोणी दिलेले ते एकच प्रशस्तिपत्र. तेव्हा तिची मांडी आत खेचली गेली होती का? छताकडे पाहता पाहता रेणुका ते आठवू पाहत होती. थप्पड आठवत होती, शाबासकी आठवत होती. मांडी आठवत नव्हती.

"आता पुस्तकातलं," मॅडम म्हणाल्या. रुपाने पदर नसलेल्या खांद्यावरून उगीच हात फिरवला, जवळ आली, रेणुकेच्या मनगटावर दोन बोटे ठेवली आणि तिच्या मूळच्या ओल्या आवाजात म्हणाली, "ताई, मी रुपा. मी आता तुमच्या पोटाले हात लावू का? तुमाले नको वाटलं तर सांगा. तुमी लय छान करून राह्यल्या." मॅडमनी वहीत काही लिहिले आणि मान डोलावली. रेणुकेला मात्र त्या बोटांचा फटक्याहून अधिक संताप आला. परवानगी कसली मागतेस, तिला म्हणावेसे वाटले; आत लेकराचे ठोके पडत असतील आणि तू इथे दारात उभी राहून आत येऊ का म्हणून विचारशील? हीच रुपा पहिल्या पावसाळ्यात रेणुकेजवळ आली तेव्हा हात उगारायला तयार नव्हती. "माह्याच्यानं नाई होत, सिस्टर," म्हणून कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडली होती. रेणुकेने तिला चहा पाजला होता आणि मग तिचे मनगट धरून, एखाद्या पोरीला भाकरी थापायला शिकवावी तसे, शिकवले होते: बोटे जुळवायची, तळवा सपाट, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मांसल जागी. आवाज यायला पाहिजे, वळ उठायला नको. वळ उठला तर नातेवाईक बोंब मारतात. आवाज आला तर बाई जागी होते. रुपा शिकली. सावकाश शिकली, पण जी सावकाश शिकते ती विसरत नाही.

तास संपल्यावर बाहेर टपरीवर चहा घेताना सगळ्या तिच्याभोवती जमल्या. "रेणुकाबाई, तुमचा तो चेहरा! माय माय, मले तर वाटलं खरंच लेकरू येते का काय!" एकजण म्हणाली, आणि दुसरीने पुस्ती जोडली, "पोरगा झाला का पोरगी, ते त सांगा!" रुपा खाली मान घालून चहा फुंकत होती. "सिस्टर, राग त नाई न आला? मॅडमच म्हन्ल्या, रोजच्यासारखं करा." रेणुका म्हणाली, "राग काहून येईन? हात चांगला पडला. पन मनगट ढिलं सोडलं तू." बायका पुन्हा हसल्या. रेणुकेने हसण्याइतके ओठ हलवले. पदवी हवीच होती. पदवीशिवाय वरची जागा मिळत नव्हती आणि तिच्या मागून आलेल्या पोरी तिच्या डोक्यावर बसत होत्या. पण खरे सांगायचे तर त्या दिवसांत तिचे चित्त पदवीत नव्हते, वरच्या जागेतही नव्हते. तिची एकुलती एक मुलगी, चंचल, पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. इतक्या जणींची लेकरे या तळव्यांवर झेलली. आता आपल्या रक्ताचे पहिले मूल या जगात येईल ते दुसऱ्या कोणाच्या हातात नव्हे, आपल्याच हातात येईल, ही एक गोष्ट तिने चंचलच्या लग्नाच्या मांडवातच मनाशी ठरवून टाकली होती. त्यासाठी तिने कोणाला विचारले नव्हते. असल्या गोष्टी विचारायच्या नसतात.

म्हणून त्या दुपारी घरी गेल्यावर चंचल जे बोलली ते तिला आधी ऐकूच आले नाही. चंचल पाटावर बसून ज्वारीच्या भाकरीशी अंबाडीची भाजी खात होती, पोटामुळे ताट लांब सरकवून, एका हाताने जमिनीचा आधार घेऊन. रेणुकेने वरून थोडे तेल सोडले आणि म्हणाली, "आता तुझं काही भेव नाही. आमची पोस्टिंग बाळंतघरातच लागली. मीच घेईन तुझं लेकरू." चंचलने घास गिळला आणि ताटाकडेच पाहत म्हणाली, "आई, मी सासरीच जाते. यवतमाळले." रेणुका तेलाची बरणी हातात धरून उभी राहिली. पहिले बाळंतपण माहेरी होते. मुलगी माहेरून रिकाम्या ओटीने परत गेली तर त्याचा अर्थ गावाला समजावून सांगावा लागत नाही. आणि इथे तर आई स्वतः सिस्टर. "जावई काही बोलले का? तुझी सासू?" "कोनी नाई बोललं." "मंग?" चंचलने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "मी शाळेतून आली का तुझ्या दवाखान्यात त्या बाकावर बसत होती न, दप्तर घेऊन? बाबा दुकानात राहत, घरी कोनी नसे, म्हनून तू मले तिथं बसवे. दाराच्या बाजूले." "हो. मंग काय झालं?" "काई नाई झालं. मी आयकत होती." आणि मग, जणू भाजीत मीठ कमी आहे असे सांगावे तितक्याच स्वरात, ती म्हणाली, "तू बाहेर येऊन हात धूत होती आन् मंग माही वेनी घालून देत होती. त्याच हातानं. मी मान ताठ ठेवून बसत होती."

यावर रेणुकेला पुष्कळ बोलता आले असते. तिने बोलूनही पाहिले. ती म्हणाली की त्या हाताने किती जीव वाचले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ती म्हणाली की गोड बोलून लेकरे होत असती तर डॉक्टरांच्या ऐवजी कीर्तनकार नेमले असते. ती म्हणाली की तूसुद्धा अशाच एका थपडेने जगात आलीस. "मले मालूम आहे," चंचल म्हणाली, "तू दर वाढदिवसाले सांगत होती." पडवीत चंपतराव, रेणुकेचे यजमान, दुकानातून आणलेली बियाण्यांची पाकिटे निवडत बसले होते, त्यांनी एकदा वर पाहिले आणि पुन्हा पाकिटांत डोके घातले. घरात तह करायचा असला की ते असेच दिसेनासे होत. तह शेवटी चंचलनेच सांगितला, हात धुऊन आल्यावर. ती माहेरीच राहील. गावात आईची मान खाली जाणार नाही. आई बाळंतघरात उभी राहू शकेल. पण बाळंतपण करेल ती रुपा; रुपा दोन-तीनदा अभ्यासाला घरी आली होती आणि तिने चंचलच्या पोटाला हात लावण्याआधी विचारले होते. "ते तुझ्यावानी नाई." आणि आईने हात मागे ठेवायचे. "मागं म्हंजे?" "मागं म्हंजे पाठीमागं, आई. बांधून. मले दिसले नाई पायजेत." रेणुका हसली. मग ती म्हणाली, "बरं." एवढा छोटा शब्द तिने आजवर कोणापुढे उच्चारला नव्हता.

पुढचे दिवस ती पाठांतर करू लागली. पुस्तकात सन्मानाची वाक्ये छापलेली होती आणि परीक्षेत ती तशीच म्हणावी लागत. रेणुका कांदा चिरताना ती घोकी. मी आता तुम्हाला स्पर्श करणार आहे. तुम्हाला भीती वाटते का? तुम्ही एकट्या नाही. चंपतराव एकदा म्हणाले, "कांद्याले विचारलं का, कापू का म्हनून?" चंचल आतल्या खोलीत खळखळून हसली आणि त्या हसण्याने रेणुकेला बरे वाटले, इतके बरे की ती घाबरली. वाक्ये तिच्या तोंडी बसली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षक बाईंनी तिला पूर्ण गुण दिले. पण वाक्ये म्हणताना तिच्यासमोर दर वेळी एकच बाई येई, आणि ती का येते हे तिला उमगत नसे. जंगलातल्या एका पाड्यावरची होती ती, उटनूरच्याही पलीकडची. नाव काय होते कोण जाणे. टेबलावर चढली, दांडी धरली आणि आवाज म्हणून केला नाही. कळ येई, तिच्या गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या वर येत, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरे, आणि ती रेणुकेकडे पाहत राही. ओरडणारीला गप्प करता येते. ही कशाने काय होणार? तिचे सगळे नीट चालले होते. मुलाचे ठोके नीट होते, डोके खाली सरकत होते, घाई कसलीच नव्हती. रुपा बाजूला टॉवेल घेऊन उभी होती आणि तीही पाहत होती. आणि रेणुकेने तिला मारले. "तवा गोड लागलं न? आता काऊन तोंड शिवून पडली?" एकदा मारले, पुन्हा मारले. ती ओरडावी म्हणून मारले. ती ओरडली नाही. मूल झाले, धडधाकट झाले. घरी जाण्याच्या दिवशी ती बाई मूल पाठीला बांधून वॉर्डाच्या दाराशी आली, रेणुकेसमोर थांबली, तिचा उजवा हात आपल्या हातात घेऊन उलटा केला, आणि तळव्याकडे बराच वेळ पाहिले. जसे बाजारात एखादे अनोळखी हत्यार हाती घेऊन हे कशाच्या कामी येते म्हणून माणूस पाहते तसे. मग हात सोडला आणि चालू लागली. त्या दिवशी रेणुकेने हात पुन्हा धुतला. का धुतला, याचा विचार तिने तेव्हाही केला नाही आणि आता कांदा चिरतानाही ती तो करणार नव्हती.

चंचलला कळा सुरू झाल्या त्या सकाळी, आणि दुपारपर्यंत ती कॉलेजला जोडलेल्या दवाखान्यात टेबलावर होती. खिडकीतून उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडला होता. रुपाने कमरेला एप्रन बांधला, नाव सांगितले, परवानगी मागितली, सगळे पुस्तकाबरहुकूम. चंचलने मान हलवली आणि तिचा हात धरला. रेणुका उशाकडच्या भिंतीशी उभी राहिली, एका हाताच्या बोटांत दुसऱ्या हाताची बोटे गुंतवून, पाठीमागे, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. आया येता-जाता तिच्याकडे पाहत. ज्या खोलीत तिचा आवाज आधी शिरे आणि ती मागून येई, त्याच तऱ्हेच्या खोलीत ती भिंतीवर टांगलेले कॅलेंडर होऊन उभी होती. तरीही ती उभी होती. डोके दिसू लागेल तेव्हा चंचलला भान राहणार नाही, आणि तेव्हा दोन पावले पुढे होऊन आपले तळवे पुढे करायचे, एवढेच तिने मनाशी राखून ठेवले होते. त्या क्षणाला कोणती मुलगी आईला नाही म्हणते?

"छान करून राह्यल्या ताई," रुपा म्हणत होती, "कळ आली का खाली जोर द्या, मोठा आवाज आला तरी चालते." पण चंचल आवाज करीत नव्हती. तिने ओठ मिटले होते, डोळे छताला लावले होते आणि कळ आली की ती जोर लावण्याऐवजी श्वास कोंडून, सर्व अंग ताठ करून, ती कळ नुसती निघून जाऊ देत होती. मान ताठ ठेवून. रेणुकेला ते कळले. खोलीतल्या कोणालाही कळण्याआधी कळले. बाकावर दप्तर घेऊन बसलेली मुलगी काय शिकली होती ते तिला त्या मिटलेल्या ओठांवर दिसले: जी ओरडते तिला बसते. आई भिंतीशी उभी असेपर्यंत ही ओरडणार नाही, आणि ओरडणार नाही तोवर जोर लावणार नाही. मी बाहेर जावे, असे रेणुकेच्या मनात स्वच्छ आले. दार चार पावलांवर होते. मी बाहेर गेले तर ही ओरडेल, जोर लावेल, मूल येईल. आणि ते मूल रुपाच्या हातात येईल. ती जागची हलली नाही.

ठोके ऐकवणाऱ्या यंत्राचा आवाज मंदावला. आधी रेणुकेने ऐकला, मग रुपाने. "ताई, जोर लावा," रुपा म्हणाली. "ताई, लेकरू थकून राह्यलं, जोर लावा न. ताई, आयकता का?" तिने आयेला डॉक्टरांना बोलवायला पिटाळले. पुस्तकातली वाक्ये एकेक करून संपत गेली. रेणुका ती मनात मोजल्यासारखी ओळखत होती, आणि शेवटचे संपल्यावर पुढे काहीच छापलेले नाही हेही तिला माहीत होते. यंत्र आणखी मंदावले. रुपाने एकदा मागे, रेणुकेकडे पाहिले. रेणुकेच्या चेहऱ्याला काही सांगायचे असले तर ते त्याने सांगितले असेल. मग रुपाची हनुवटी वर गेली. "तवा गोड लागलं न?" तो आवाज खोलीत घुमला, खर्जातला, ओळखीचा, "आता काऊन तोंड शिवून पडली? लाव जोर, लाव म्हन्ते न!" आणि जुळवलेल्या बोटांचा, सपाट तळव्याचा फटका चंचलच्या मांडीवर बाहेरच्या अंगाला, मांसल जागी बसला. आवाज भरपूर झाला. वळ उठणार नव्हता. रेणुकेच्या मनात पहिल्यांदा जे आले ते हेच: या वेळी मनगट ढिले सोडले नाही.

चंचल किंचाळली. ती किंकाळी कळेची होती की थपडेची, आणि मूल थपडेने पुढे सरकले की वाटेत असलेल्या कळेने, हे कोणालाही सांगता आले नसते; इतक्या वर्षांत ते एकदाही कोणाला सांगता आले नव्हते. मूल आले. मुलगी होती, काळसर निळी, मग जांभळी, मग तिने तोंड उघडले आणि लाल झाली. रुपाचा आवाज पुन्हा तिचा झाला होता आणि ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माफ करा ताई, माफ करा ताई, ठोके गेल्ते." चंचलने तिच्याकडे पाहिले नाही. तिने मान वळवली, सावकाश, घामाने भिजलेले केस उशीवर घासत, आणि ती आईकडे पाहू लागली. रागाने नव्हे. रागाला रेणुका पुरून उरली असती. एका बाईने एकदा तिच्या तळव्याकडे जसे पाहिले होते तसे ती तिच्या तोंडाकडे पाहत होती.

रेणुकेचे हात तेव्हाही पाठीमागेच होते. तिने करार मोडला नव्हता; कोणीही साक्षीला आले असते. तरी उजव्या तळव्याला चरचरत होते, आताच कुठे तरी जोरात आपटल्यासारखे, आणि डाव्या हाताची बोटे त्या तळव्याला चोळत होती. रुपाने नाळ कापली, मूल हिरव्या कापडात गुंडाळले आणि वळून ते रेणुकेपुढे धरले. "घ्या सिस्टर. तुमची नात." तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि त्या पाण्यात काही तरी शाबासकी मागणारेही होते. कापडातून एक पाय बाहेर आला होता, ओला, तळवा सुरकुतलेला. रेणुकेने पाठीमागची बोटे सोडवली. एक पाऊल टाकले.

"आई," टेबलावरून चंचल म्हणाली. आवाज बसला होता, पण शब्द स्पष्ट होता. "हात."

रेणुका थांबली. मग तिने हात परत मागे नेले, एका हाताची बोटे दुसऱ्यात गुंतवली, आणि ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.